पाळीत डोकं चालत नाही? कशावरून?



"लोणच्याला हात लावू नकोस, नासेल." "पापडाला शिवू नकोस." पाळीच्या चार दिवसांत हे ऐकतच आपण मोठ्या झालो. कुणी विचारलंच, "कशावरून?" तर उत्तर ठरलेलं: "आजी-पणजीपासून चालत आलंय." आज आम्ही दोन अशा बायांची गोष्ट सांगणार आहोत, ज्यांनी हा 'कशावरून' सोडला नाही. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण ऐकाल तर ओळखीची वाटेल.

तिथे अडचण लोणच्याची नव्हती, शिक्षणाची होती. १८७३ साली बॉस्टनच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरांनी एक पुस्तक लिहिलं. मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला, पाळीतही डोक्याला ताण दिला, तर त्यांची तब्येत आणि गर्भाशय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक खूप खपलं. पुरावा काय, तर मोजक्या आजारी मुलींच्या हकिगती. आता डॉक्टरांकडे जाणार त्या आजारीच. शिकूनही धडधाकट राहिलेल्या मुली त्यांना दिसणार कशा?

न्यूयॉर्कच्या डॉक्टर मेरी पटनम जेकोबी यांनी थेट बायकांनाच प्रश्न लिहून पाठवले. पाळीत दुखतं का? किती? कामं कोणती करता? २६८ जणींची उत्तरं आली. काही जणींची नाडी आणि ताकदही त्यांनी मोजली. सगळ्याच बायकांनी पाळीत काम सोडून बसावं, याला आधार सापडला नाही. १८७६ साली या निबंधाला हार्वर्ड विद्यापीठाचं बक्षीस मिळालं. तिथल्या मेडिकल कॉलेजात तेव्हा बायकांना प्रवेशसुद्धा नव्हता!

तरी समजूत हटली नाही. पाळीत बाईचं डोकं चालत नाही, हात स्थिर राहत नाही, असं मोठमोठे विद्वानही म्हणत राहिले.

मग आल्या लेटा हॉलिंगवर्थ. त्या नेब्रास्कातल्या शिक्षिका. लग्नासाठी न्यूयॉर्कला आल्या, तर लग्न झालेल्या बाईला तिथे शिक्षिकेची नोकरी नाही. मग त्या कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्र शिकल्या आणि हाच प्रश्न अभ्यासाला घेतला. सहा बायका आणि दोन पुरुष यांची त्यांनी तीन महिने रोज परीक्षा घेतली. हात किती स्थिर राहतो, बोटं किती भरभर चालतात, रंगांची नावं किती पटकन सांगता येतात, असं सगळं घड्याळ लावून मोजलं आणि लिहून ठेवलं.

रोज का? फक्त पाळीच्या दिवशी बघितलं, तर त्या दिवशीची चूकच लक्षात राहते. एरवी झालेल्या चुका आपण विसरतो.

आणि पुरुष कशाला? कारण कामात वर-खाली सगळ्यांचंच होतं. शेजारी पुरुषांचे आकडे नसते, तर बाईच्या प्रत्येक वाईट दिवसाचं खापर पाळीवर फुटलं असतं.

१९१४ साली निकाल छापला गेला. पाळीच्या दिवसांत बायकांची कामगिरी घसरल्याचं आकड्यांत दिसलं नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. पाळीत दुखत नाही, असं कुणीच म्हटलेलं नाही. जिला त्रास होतो तिने आराम करावा, जास्त असेल तर दवाखाना गाठावा. पण आराम मागणं वेगळं आणि अक्कल कमी ठरवली जाणं वेगळं.

बचत गटाचा हिशोब आपण आठवणीवर ठेवत नाही, वहीत लिहितो. मग "बायकांना हे जमत नाही" असं कुणी म्हटलं, तर त्याचीही वही मागूया. किती जणींना विचारलं? किती दिवस बघितलं? कुणाशी ताडून पाहिलं?

घरी लेकीने "कशावरून?" विचारलं, तर तिला गप्प करू नका. तिच्या हातात वही-पेन्सिल द्या.