अँटेनाचं तोंड कुठे आहे?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत घरांच्या गच्च्यांवर, कौलांवर अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे सांगाडे उगवू लागले. चित्रात मुंग्या आल्या की घरातला एकजण वर चढायचा. वरून प्रश्न येई, "आलं का?" खालून उत्तर, "नाही... अजून थोडं... अजून... आलं, आलं! अरे, गेलं!"

ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना या लेखातली यंत्रणा निम्मी कळलेलीच आहे. वरच्या माणसाचे हात म्हणजे मोटर. खालच्या माणसाचे डोळे म्हणजे मापक. दोघांमधली हाकाटी म्हणजे वायर. आणि "अरे, गेलं!" हा तर यंत्रनियंत्रणातला एक जुना आणि चिवट दोष आहे, त्याच्याकडे आपण पुढे येऊच.

तो सांगाडा यागी-उदा अँटेनाचा. जपानच्या सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी तो विकसित केला आणि १९२६ पासून त्यावर जपानीत लिहिलं. त्यांचे वरिष्ठ प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी १९२८ मध्ये इंग्रजीत निबंध प्रसिद्ध केला आणि जगाच्या तोंडी एकट्या यागींचं नाव बसलं. या अँटेनाचा गुण असा की ती एका दिशेला लख्ख ऐकते आणि बाकीच्या दिशांना जवळजवळ बहिरी असते. म्हणूनच ती फिरवावी लागते. अमेरिकेत एकाच घरात वेगवेगळ्या गावांची दूरदर्शन केंद्रं दिसत, त्यामुळे तिथे खांबावर बसवायची छोटी मोटर, म्हणजे 'रोटेटर', बाजारात आली. घरातल्या डबीवरची खुंटी फिरवली की छपरावर अँटेना फिरे.

या मोटरींवर हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे 'हॅम' मंडळींची, नजर पडली नसती तरच नवल. परवाना घेऊन, घरच्या घरी बनवलेल्या यंत्रांनी जगभर गप्पा मारणारी ही माणसं. त्यांना दूरच्या देशाकडे अँटेना वळवायची असे आणि त्यासाठी दिवसातून चारदा खुंटी फिरवणं पुरेसं होतं. संगणकाची गरज कुणालाच भासली नव्हती. ती भासली उपग्रहांमुळे.

१२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी बनवलेला 'ऑस्कर १' हा उपग्रह अमेरिकी हवाई दलाच्या अग्निबाणावरून, दुसऱ्या एका उपग्रहाच्या जोडीला, भर म्हणून गेला. वजन साडेचार किलोच्या आसपास. अग्निबाणापासून त्याला अलग करणारी स्प्रिंग साध्या दुकानातून सव्वा डॉलरच्या आत विकत आणली होती. तो मोर्स भाषेत फक्त 'हाय' एवढंच म्हणत राही आणि त्या 'हाय'च्या वेगावरून त्याच्या पोटातलं तापमान कळे. २२ दिवसांनी तो वातावरणात जळून गेला, पण तोवर २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशींनी तो ऐकल्याचं कळवलं होतं. पुढे १९७२ मध्ये 'ऑस्कर ६' आणि १९७४ मध्ये 'ऑस्कर ७' गेले. हे नुसते बोलणारे नव्हते. खालून आलेला आवाज पकडून पुन्हा खाली पाठवणारे होते. एक हौशी दुसऱ्याशी उपग्रहामार्फत बोलू लागला.

आता त्या हौशीचे हाल पाहा. असा उपग्रह क्षितिजावर उगवतो आणि दहापंधरा मिनिटांत दुसऱ्या बाजूला मावळतो. तेवढ्या वेळात अँटेना दोन तऱ्हांनी फिरवायची: क्षितिजाला समांतर, म्हणजे दिगंश बदलत, आणि वर-खाली, म्हणजे उन्नतांश बदलत. त्यात उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना डॉपलर परिणामामुळे ध्वनिलहरींप्रमाणेच रेडिओलहरींचीही वारंवारता सरकते. ४३५ मेगाहर्ट्झला हे सरकणं दोन्ही बाजूंना १० किलोहर्ट्झच्या घरात जातं. म्हणजे एक हात रेडिओच्या चकतीवर, एक मोर्सच्या किल्लीवर, आणि रोटेटरच्या दोन खुंट्यांसाठी उरलेले हात शून्य. यंत्राची मदत घ्यावी असं कुणाला वाटलं तर ते आळसापोटी नव्हे.

यंत्राला दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. उपग्रह या क्षणी कुठे आहे? आणि अँटेनाचं तोंड या क्षणी कुठे आहे? पहिला प्रश्न अवघड वाटतो, दुसरा पोरकट. प्रत्यक्षात इतिहास उलटा घडला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर केपलरपासून तयार होतं. कक्षेचे मोजके आकडे, म्हणजे तिचा कल, लंबगोलपणा, एका फेरीचा काळ वगैरे, मिळाले की उरतं ते गणित. घरगुती संगणक येण्याआधी हौशी मंडळी नकाशावर पारदर्शक कागद सरकवून हे करत. १९८१ च्या सुमारास अमेरिकेतले टॉम क्लार्क यांनी बेसिक भाषेत लिहिलेला कक्षागणिताचा प्रोग्रॅम हौशींच्या मासिकात छापून आला. तो हाताने टंकून कुणीही आपल्या संगणकावर चालवावा. इंग्लंडचे जेम्स मिलर यांचा 'प्लॅन-१३' हा प्रोग्रॅम १९९० चा, बीबीसी मायक्रो या संगणकासाठी लिहिलेला. हा बीबीसी मायक्रो आपल्यातल्या काही ज्येष्ठ शिक्षकांना आठवत असेल. १९८४ मध्ये 'क्लास' प्रकल्पाखाली आपल्या देशातल्या निवडक शाळांत पोहोचला तो हाच. गणित छापील पानावर फुकट मिळू लागलं, तेव्हा पहिला प्रश्न संपल्यातच जमा होता.

दुसऱ्या प्रश्नाची गोष्ट वेगळी. मोटरला "फीर" म्हणणं सोपं आहे, एक रिले पुरतो. पण ती किती फिरली? दूरदर्शनच्या स्वस्त रोटेटरांत घरातल्या डबीवरचा काटा वरच्या मोटरीबरोबर चालतो असं नुसतं गृहीत धरलेलं असे. थंडीत ग्रीस घट्ट झालं, वाऱ्याने अडवलं, की काटा एक सांगे आणि अँटेना दुसरीकडेच पाही. आमच्या मते स्वस्त आणि महाग रोटेटरातला खरा फरक ताकदीचा नव्हे, या प्रामाणिकपणाचा होता.

चांगल्या रोटेटरात आसाला एक पोटेन्शिओमीटर जोडलेला असे. रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असतो तसाच हा चल रोध. अँटेना फिरली की त्याचा सरकता स्पर्श फिरतो आणि मिळणारा दाब शून्य ते पाच व्होल्टच्या दरम्यान बदलतो. दाब मोजला की कोन कळला. येसू या जपानी कंपनीच्या दिगंश-उन्नतांश अशा जोड रोटेटरांना तर हा दाब बाहेर काढून देणारं सॉकेटच पाठीमागे होतं. पण संगणकाला व्होल्ट कळत नाहीत, आकडे कळतात. दाबाचा आकडा करणारं एक परिवर्तक मंडल मध्ये लागतं आणि आयबीएम पीसीत ते नव्हतं. (बीबीसी मायक्रोत होतं, खेळांच्या काठीसाठी आणि शाळेतल्या प्रयोगांसाठी मुद्दाम दिलेलं! शाळेसाठी केलेलं यंत्र कधीकधी कार्यालयासाठी केलेल्या यंत्रापेक्षा शहाणं निघतं.)

इथे एक साधं गणित करून पाहण्यासारखं आहे. रोटेटर ४५० अंश फिरतो, म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर पाव, असं धरू. आठ बिटांचं परिवर्तक २५६ पायऱ्या देतं. म्हणजे एक पायरी पावणेदोन अंशांची. दहा बिटांचं १०२४ पायऱ्या देतं, एक पायरी अर्ध्या अंशाहून लहान. कोणतं घ्यावं? दुर्बिणीसाठी दोन्ही निरुपयोगी. पण हौशीच्या यागीचा झोत ३० अंशांच्या आसपास रुंद असतो. पाच अंशांची चूक झाली तरी मिळणारी शक्ती शेकडा दहानेही घटत नाही. अचूकतेची गरजच एवढी कमी होती, आणि सगळा स्वस्तपणा त्यातूनच आला. हे ज्यांनी आधी ओळखलं त्यांनी महागडी मापकं बाजूला ठेवली. उन्नतांशासाठी काहींनी पोटेन्शिओमीटरच्या दांड्याला शिशाचं वजन टांगून तो अँटेनाच्या आडव्या नळीवर बसवला. नळी वर-खाली झाली तरी वजन ओळंब्यासारखं खालीच पाहतं आणि कोन गुरुत्वाकर्षणच सांगतं.

२२ जानेवारी १९९० रोजी एरियन अग्निबाणातून एकदम सहा छोटे हौशी उपग्रह वर गेले. त्यांतल्या काहींमध्ये टपालपेटीसारखी सोय होती: वर जाताना पत्र टाकायचं, दुसऱ्या खंडातल्या मित्राने उपग्रह त्याच्या डोक्यावर आला की काढून घ्यायचं. ही देवाणघेवाण दोन संगणकांची, त्यात माणसाची गरज नाही. मग माणसाने पहाटे तीनला उठून अँटेना तरी का फिरवावी? स्वयंचलित रोटेटर ही चैन न राहता गरज झाली ती इथे. पीसीत खोचायचं 'कॅन्सस सिटी ट्रॅकर' हे कार्ड होतं. जपानी हौशींनी 'ट्रॅकबॉक्स' बनवला, त्यात स्वतःचाच सूक्ष्मसंगणक असल्यामुळे मोठा संगणक दुसऱ्या कामाला मोकळा राही, आणि तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही मिळे. चिलीतले मानफ्रेड मॉर्नहिनवेग यांनी त्याहून साधी वाट काढली. पीसीला छपाईयंत्र जोडायचं जे सॉकेट असतं, त्यालाच त्यांनी रोटेटर जोडला आणि आपला 'फॉडट्रॅक' प्रोग्रॅम आणि मंडलाचा आराखडा सर्वांना खुला करून टाकला.

आता ते "अरे, गेलं!" लांबलचक नळ्यांची अँटेना वीज बंद केली तरी जडत्वाने थोडी पुढे जाते. यंत्राला चूक दिसते, ते तिला उलट फिरवतं, ती पुन्हा पलीकडे जाते. रात्रभर अशी डुलत राहिली तर सकाळी दंतचक्रांचा भुगा. उपाय निगुतीचा आहे: चूक दोनचार अंशांहून मोठी होईपर्यंत यंत्राने हलायचंच नाही. इथेही झोताची रुंदी मदतीला येते.

दुसरी अडचण भूमितीची. वायरी गुंडाळल्या जाऊ नयेत म्हणून रोटेटरला एक थांबा असतो, समजा उत्तरेला. उपग्रह वायव्येकडून ईशान्येकडे निघाला, तर थांब्याशी पोचल्यावर अँटेनाला जवळजवळ पूर्ण फेरी उलट मारावी लागते. तिला मिनिटभर लागतं, आणि नेमका तेव्हाच उपग्रह सर्वांत जवळ असतो. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाचा दिगंशही काही क्षणांत १८० अंशांनी पालटतो. तोडगा असा, की अँटेनाला मान मागे टाकू द्यायची. उन्नतांश ९० ला न थांबता १८० पर्यंत गेला तर दिगंश न हलवताच मागचं आकाश दिसतं. मात्र फेरी सुरू होण्याआधीच ती सगळी आखून, उताणं व्हायचं की नाही हे ठरवावं लागतं. खुंटी हातात असलेल्या माणसाला हे क्वचितच साधायचं. संगणकाचं खरं कौतुक आम्हाला इथे वाटतं.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी 'आर्दुइनो' ही पाटी तयार झाली, कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावी म्हणून. तिच्यात दहा बिटांचं परिवर्तक मुळातच होतं, एक नव्हे, सहा वाटांचं. म्हणजे आधीच्या पिढीने ज्याच्यासाठी कार्डं आणि डबे बनवले, ते आता चिपमध्ये आयतं आलं. अमेरिकेतले अँथनी गुड यांनी तिच्यासाठी लिहिलेला रोटेटर-प्रोग्रॅम खुला आहे आणि जुन्या दूरदर्शनच्या मोटरीपासून नव्या रोटेटरापर्यंत बहुतेकांना तो चालतो. पुढे मोबाइल फोनसाठी बनलेल्या इवल्याशा कलमापक आणि चुंबकीय दिशामापक चिपाही त्यात आल्या. ओळंब्याचं ते शिसं आता नखाएवढ्या चिपमध्ये मावलं.

२०१४ मध्ये अथेन्समधल्या तरुणांनी 'सॅटनॉग्स' हा प्रकल्प सुरू केला आणि त्याच वर्षी 'हॅकाडे' पारितोषिक मिळवलं. त्यांच्या रोटेटरचे बरेच भाग त्रिमिती छपाईयंत्रावर छापलेले. मोटर अशी, की ती एकेक मोजकं पाऊल टाकते: थांब्यापासून किती पावलं टाकली हे मोजलं की तोंड कुठे ते कळलं. या प्रकल्पाचा गाभा मात्र रोटेटर नव्हे, जाळं आहे. एका गावातलं केंद्र दुसऱ्या खंडातल्या विद्यार्थ्यासाठी ऐकतं. उपग्रह बनवणाऱ्या महाविद्यालयांना अशा कानांची गरज असते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा, सुमारे एक किलोचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी आणि मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, तेव्हा तेही हौशी रेडिओच्याच वारंवारतांवर बोलत होते. पुण्यावरून किंवा मुंबईवरून असा उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा जातो. बाकीच्या वेळी तो काय म्हणाला ते कुणीतरी दुसऱ्यानेच ऐकायला हवं.

गंमत म्हणजे या जाळ्यातल्या बऱ्याच केंद्रांनी रोटेटर ठेवलेलाच नाही. सगळ्या दिशांना सारखं ऐकणारी स्थिर अँटेना, तिच्याजवळ एक चांगलं विवर्धक, आणि काम भागतं. कमी ऐकू येतं, पण पावसाळ्यात छपरावर चढून दंतचक्रांना ग्रीस लावावं लागत नाही. दुसऱ्या टोकाला काही हौशी अजूनही हलकी यागी हातात धरून मैदानात उभे राहतात आणि आवाज वाढतो तिकडे मनगट वळवतात. त्यांच्याकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर असतं. दुसऱ्याचं त्यांना विचारावं लागत नाही.