साथ ओसरली, रुग्ण मात्र मागे राहिले

१९१७ साली व्हिएन्नातील डॉ. कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी मेंदूच्या एका विचित्र आजाराचे वर्णन केले. रुग्णाला ताप येई, एकाच्या दोन वस्तू दिसत आणि तो दिवसच्या दिवस झोपून राही. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची महासाथ आली. दोन्ही साथी एकाच काळात पसरल्या. पण एकीमुळे दुसरी झाली हे सिद्ध झालेले नाही.

या ‘झोपेच्या आजारा’त अनेक जण दगावले. वाचलेल्यांपैकी पुष्कळांना पुढे पार्किन्सनसारखा त्रास सुरू झाला. हातपाय ताठ, हालचाल मंद, चेहऱ्यावर भाव नाही. काही वर्षांत साथ ओसरली आणि लोक ती विसरले. रुग्ण मात्र रुग्णालयांत वर्षानुवर्षे पडून होते. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा काहींना लेव्होडोपा दिले, तेव्हा काही जण चालू-बोलू लागले. पुढे अनेकांना दुष्परिणामांचा त्रास झाला. पण त्यांच्यासाठी काहीच करता येत नाही, हा समज खोटा ठरला.

२०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने अनेकांनी दवाखाना टाळला, पक्षाघाताचे रुग्णही उशिरा पोहोचले. म्हणून लक्षात ठेवा: फिट्सच्या किंवा पार्किन्सनच्या गोळ्या साथीच्या काळातही अचानक बंद करू नका. थोड्या जास्तीच्या घरात ठेवा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.