युद्ध मोजणारा हवामानशास्त्रज्ञ

एका व्याख्यानानंतर एका मुलाने मला विचारलं होतं, “सर, शांतता हा काय विद्यापीठात शिकायचा विषय आहे? ती तर कीर्तनात ऐकायची गोष्ट!” सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न मनात राहिला. आज त्याचं उत्तर देतो. त्यासाठी आधी पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्समध्ये जाऊ.

तिथे लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा एक इंग्रज रुग्णवाहिका चालवत होता. पेशाने हवामानशास्त्रज्ञ आणि पंथाने क्वेकर, म्हणजे शस्त्र न धरणारा. जखमींना वाहून नेण्याच्या कामातून उसंत मिळाली की तो हवामानाचं गणित मांडत बसे. युद्धानंतर तो हवामान खात्यात परतला. पण १९२० मध्ये ते खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं, तेव्हा त्याने नोकरी सोडली. हवामानाचं गणित मांडता येतं, तर युद्धाचं का नाही, हा विचार त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

त्याने १८२० पासूनच्या युद्धांची मृतांच्या संख्येनुसार यादी केली. एक भाषा बोलणारे कमी भांडतात का? आकड्यांत तसं दिसलं नाही. ज्या देशाला सीमा जास्त, त्याच्या वाट्याला युद्धं जास्त का? हे मात्र दिसलं. मग तो सीमांची लांबी शोधू लागला, तर गंमत बघा! स्पेन आणि पोर्तुगाल यांची एकच सीमा, एका नोंदीत ९८७ किलोमीटर आणि दुसऱ्या नोंदीत १२१४.

रिचर्डसन १९५३ मध्ये गेला. त्याचे दोन्ही मोठे ग्रंथ छापून आले १९६० मध्ये. पण मायक्रोफिल्मवरचं त्याचं लेखन मुलाने त्याआधीच अमेरिकेत नेलं होतं. तिथे ते अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग आणि गणितज्ञ अनातोल रापोपोर्ट यांच्या हाती पडलं. १९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठात संघर्ष-निराकरणावरचं संशोधनपत्र निघालं, त्यामागे ही माणसं होती.

तिकडे नॉर्वेत योहान गाल्टुंग या तरुणाने लष्करी सेवा नाकारून तुरुंगवास पत्करला. तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्यासोबत त्याने लिहिलेलं पुस्तक १९५५ मध्ये आलं. विषय होता आपले गांधीजी! १९५९ मध्ये त्याने ऑस्लोत शांतता-संशोधन संस्था उभारली आणि १९६९ मध्ये एक अवघड मुद्दा मांडला. अठराव्या शतकात क्षयाने माणूस मेला, तर इलाजच नव्हता. आज औषध असूनही मेला, तर ती हिंसाच. मारेकरी कोणी नाही, पण व्यवस्था मारते.

मंडळी, रिचर्डसनने मेलेले मोजले. गाल्टुंगने विचारलं, जे कुठल्याच युद्धाच्या यादीत नाहीत, त्यांचं काय? शांतता हा अभ्यासाचा विषय झाला तो या दोन प्रश्नांमधून. एकट्या इतिहासाला किंवा एकट्या गणिताला ते झेपणारे नव्हते.

आपल्याकडचं कावेरीचं पाणी घ्या. न्यायाधिकरण नेमलं १९९० मध्ये, त्याचा निवाडा आला २००७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ मध्ये. नदीत पाणी किती, हे जलतज्ज्ञ सांगेल. हक्क कोणाचा, हे वकील सांगेल. पण दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्याला काय वाटतं, ते कोण ऐकणार?

त्या मुलाला आज मी म्हणेन, कीर्तन जरूर ऐक. पण भांडण मिटवायचं असेल, तर आधी ते नीट शिकून घे.