बैलाच्या कातड्याएवढी जमीन

महाबळेश्वरचा खर्च झेपेनासा झाला की माणसाला जव्हारच्या हवेचे गुण पटू लागतात. आम्हाला ते पटले आणि सह्याद्रीतल्या त्या दीड हजार फुटांवरच्या गावी आम्ही एसटीनं जाऊन पोचलो.

जव्हार हे मुकण्यांचं, म्हणजे महादेव कोळी राजांचं संस्थान. नऊ तोफांच्या सलामीचा मान! गावातल्या जुन्या राजवाड्याची रया गेलेली, टेकडीवरचा ‘जयविलास’ मात्र अजून ऐट राखून. तो बघता बघता ही म्हणाली, “अहो, एवढं सगळं यांना मिळालं कसं?”

इतिहासात मी काठावर पास झालेला. पण ही गोष्ट मला ठाऊक होती. १८८२च्या ठाणे गॅझेटियरातच आहे. मूळपुरुषानं म्हणे इथल्या वारली नाईकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नाईक भला माणूस, “घे” म्हणाला. पाहुण्यानं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या दोरीनं सगळा मुलूख वेढला! नाईकाला मग गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख दिला. कार्थेजच्या डायडो राणीचीही हीच कथा सांगतात. तेव्हा खरंखोटं बैलालाच ठाऊक. पण १३४३ साली दिल्लीच्या सुलतानानं या घराण्याला राजा म्हणून मान्यता दिली. वाद्यांवर शिक्का बसला! पुढं १६६४ साली सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथल्या शिरपामाळावर थांबले. १९४८ साली संस्थान विलीन झालं. सहाशे वर्षांची दोरी एका सहीत सुटली.

“आणि त्या नाईकाच्या माणसांचं काय झालं?” हिनं विचारलं.

मी गप्प. येताना एसटीत शेजारी बसलेले म्हातारबाबा वारलीच होते. वीटभट्टीवरून घरी परतत होते. माझी पिशवी त्यांनी सबंध वाटभर मांडीवर धरली होती. जागा अपुरी होती, तरी सरकून मला दिली होती.

मला एकदम आमचा बांध आठवला. हातभर जमिनीपायी धाकट्या भावाशी तीन वर्षं बोलणं बंद! त्याच रात्री त्याला फोन लावला. म्हटलं, “बांध तुझा. घेऊन टाक.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच आवाज आला, “दादा, मोजणी कोण करणार?”