कुत्र्याच्या तोंडाचा वास कुणाला खुपतो?

ग्रीक लेखक ॲरियनने दुसऱ्या शतकात शिकारी कुत्र्यांवर पुस्तक लिहिलं. घोड्यासारखंच कुत्र्याचंही सगळं अंग चोळून काढा, असं तो सांगतो. तेव्हा कुत्रा कामाचा होता. अंग चोळायचं ते त्याच्या तब्येतीसाठी.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या मध्यमवर्गाने कुत्रा दिवाणखान्यात आणला. १८६०च्या दशकात जेम्स स्प्रॅट तिथे कुत्र्यांची बिस्किटं विकू लागला. पुढे त्याच्या कंपनीने कुत्र्यांचे साबणही आणले. कुत्रा घरात आला आणि त्याचा वास माणसाला खुपू लागला. आजचे पुदिन्याचे स्प्रे त्याच वाटेने आलेत.

पण तोंडाचा वास हा बहुतेकदा अलर्ट असतो. दातांवरचा थर काही दिवसांत कडक होतो, हिरड्या सुजतात, दात हलतात. स्प्रे मारला की अलर्ट म्यूट होतो, बग तसाच राहतो. १९९७मध्ये अमेरिकेत सुरू झालेली व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल उत्पादनांवर शिक्का देते, तोही हा थर कमी होतो का हे बघून.

म्हणून रोज ब्रश करा, कुत्र्यांच्याच पेस्टने. आपल्या काही पेस्टमधलं झायलिटॉल त्यांना विषारी असतं. हिरडी लाल दिसली तर डॉक्टर गाठा. अंघोळ आपल्या नाकासाठी असेल, ब्रश मात्र त्याच्यासाठी आहे.