परभणीचें घरभाडें
१९४८ सालीं निजामी संपली. १९५६ सालीं परभणी जिल्हा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. परंतु घरभाड्याचा कायदा मात्र हैदराबादचा, १९५४ सालचाच राहिला! मुंबईस १९४७ चा निराळा, विदर्भास तिसराच. हा तिढा सुटावयास ३१ मार्च २००० उजाडावें लागलें. त्या दिवशीं अमलांत आलेल्या कायद्याप्रमाणें मालकानें भाडें घेतांच लेखी पावती द्यावी. पूर्वसूचना देऊन योग्य वेळीं घर पाहावें. आणि डागडुजीहि करावी. त्यानें ती टाळल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनें करावी व खर्च भाड्यांतून वळता करावा, पण वार्षिक भाड्याच्या चतुर्थांशापर्यंतच. दरमहा दोनशें रुपयांच्या घरास हे सहाशें होतात. तेवढ्यांत जुन्या माळवदावर माती पडेल. कुजलेली तुळई बदलणार नाहीं.