फॉस्फोरिलीकरण, मानवी रोगप्रतिकारक पेशींतील

प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांवर फॉस्फेटाचा गट चढण्याची क्रिया. गट चढवणारी विकरे म्हणजे कायनेज, उतरवणारी फॉस्फटेज. माणसात पाचशेहून अधिक कायनेज आहेत. एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांनी १९५५ मध्ये स्नायूंतील विकरावर ही क्रिया उलगडली. त्यांना १९९२ चे नोबेल मिळाले. प्रतिकारक पेशींत निर्णायक ठरणारे टायरोसीनचे फॉस्फोरिलीकरण टोनी हंटर यांनी १९७९ मध्ये शोधले.

गोव्यातील पेडणे व डिचोली तालुक्यांतील काजूच्या बागांत या क्रियेचा परिणाम डोळ्यांना दिसतो. उन्हाळ्यात बोंडूपासून बी वेगळी करताना, ओले काजूगर सोलताना टरफलातील तेल हाताला लागते. कातडी तत्काळ भाजते ती तेलाच्या दाहकपणाने. काहींना मात्र एकदोन दिवसांनी खाजरे फोड येतात. ते टी-पेशी या प्रतिकारक पेशींचे काम. बिब्बा उततो त्याच जातीचा हा विकार आहे, आणि बिब्बा व काजू एकाच कुळातले. तेलातील फिनॉल वर्गाचे रेणू त्वचेतील प्रथिनांना चिकटतात. पूर्वी त्यांची ओळख पटलेली टी-पेशी ते पुन्हा भेटताच जागी होते. एलसीके हे कायनेज तिच्या ग्राहकाच्या आतल्या शेपटांवर फॉस्फेट चढवते, तिथे झॅप-७० हे दुसरे कायनेज येऊन बसते, स्वतः फॉस्फेटयुक्त होते आणि संदेश पुढे नेते. हे सारे काही मिनिटांत उरकते. झॅप-७० जन्मतः नसलेल्या बालकांत टी-पेशी निकामी ठरून गंभीर संसर्ग होतात.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील भास्कर साहा व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांच्या महाभक्षक पेशींवर एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. सीडी-४० या एकाच ग्राहकाकडून आलेला संदेश ईआरके या कायनेजच्या मार्गाने गेला तर लीश्मानिया परजीवीला आसरा मिळतो, पी-३८ या कायनेजच्या मार्गाने गेला तर पेशी त्याचा नायनाट करते.

फॉस्फोरिलीकरणाच्या अभ्यासात खरी कसोटी वेळेची असते. रक्तातील पेशींना उद्दीपक देऊन ठरलेल्या मिनिटाला फॉर्माल्डिहाइडने जागच्या जागी थिजवतात, थंड मिथेनॉलने त्यांची पटले सच्छिद्र करतात आणि फॉस्फेट बसलेलाच भाग ओळखणारी चकाकती प्रतिपिंडे सोडून प्रवाह-पेशीमापकातून एकेक पेशी मोजतात. उद्दीपक न दिलेला नमुना सोबत नसेल तर आकड्यांना अर्थ उरत नाही. हजारो ठिकाणे एकदम पाहायची असल्यास प्रथिनांचे तुकडे करून, टायटॅनियम डायऑक्साइडवर फॉस्फेटयुक्त तुकडे वेचून वस्तुमान-वर्णपटमापकाकडे देतात. एका फॉस्फेटाने तुकड्याचे वजन सुमारे ८० डाल्टनने वाढते. पेशी फोडताना सोडियम ऑर्थोव्हॅनाडेटसारखे फॉस्फटेजरोधक घालावेच लागतात.

डिचोलीत घेतलेले रक्त बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत नुसते नेले, तर वाटेतच फॉस्फेटांचे चित्र बदलते. त्यामुळे अशा अभ्यासासाठी नमुना रक्त काढल्या ठिकाणीच स्थिर करावा लागतो.